एक कोटी एकला अकरानं भाग जातो

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, सत्कारमूर्ती दत्तोबा कुदळे सर आणि त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, लासुर्ण्याचे ग्रामस्थ, आणि खिडकीत चढून बसलेल्या दहावीच्या पोरांनो, आधी खाली उतरा!

मी सारजा. याच शाळेत शिकले, आता इथंच गणित शिकवते.

सरांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. शनिवारी फळ्यावर एक मोठी संख्या लिहायची, सोमवारी तिचे विभाजक विचारायचे. अठ्ठ्याहत्तर साली, मी सातवीत असताना, सरांनी लिहिलं १,००,००,००१. वर म्हणाले, "ही मूळ संख्या. हिला कशानंही भाग जात नाही. मी तपासलंय."

त्याच आठवड्यात आमचा मेंढरांचा कळप चाऱ्यासाठी कोकणाकडं निघणार होता. माझी शाळा तिथंच संपणार होती. रविवारी माझे वडील आप्पा आणि चुलत्यांनी मेंढरं वाटून घेतली. आमची रीत अशी, की जाळीतून एकेक काढायचं, एक डावीकडं, एक उजवीकडं. मी सरांच्या संख्येचे अंक तसेच वाटले. दोन्हीकडची बेरीज एकच आली. अकराच्या पाढ्यात १२१, १३२ अशीच सारखी वाटली जातात, हे मी आधी पाहिलं होतं. मग पाटीवर भागूनच टाकलं. उत्तर नऊ लाख नऊ हजार एक्क्याण्णव, बाकी शून्य!

सोमवारी उभी राहून सांगितलं. वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी फळ्यावर भागाकार केला, लालबुंद झाले आणि म्हणाले, "खाली बस." बुधवारी आम्ही गाव सोडलं.

आणि रविवारी काय बघते? सांगवीच्या मुक्कामावर सर सायकल हाणत हजर! घामाघूम. सगळ्या मंडळींदेखत म्हणाले, "गेणबा, चूक माझी हुती आन् मी हिलाच खाली बसवलं. पोरांपुढं ते कबूल करायचंय. हिला परत द्या."

आप्पा म्हणाले, "आकडा चुकला त्यापायी एवढ्या लांब आलासा व्हय? आन् मेंढरं कोण वळंल?"

"ते मला येत न्हाय, गेणबा. पर हिला गणित येतंय, ते मला कळतंय. आमच्या घरी ऱ्हाईल."

आप्पांनी एक चुकार मेंढरू कळपात हाकललं. शेवटी म्हणाले, "एक वरीस. मग बघू."

सरांनी पूर्ण वर्गापुढं चूक कबूल केली. मग त्या ९,०९,०९१ च्या मागं आम्ही दोघं लागलो. कुठवर तपासायचं ते सरांनी शिकवलं, ९५३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावल्या. नाही फुटली! ती खरी मूळ संख्या निघाली. बाई जेवायला हाका मारायच्या आणि आम्ही आपले भागतोय. वर्ष कधी सरलं कळलं नाही; आप्पा न्यायला का आले नाहीत, ते मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची.

आप्पा आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांनी मला कधी शाबासकी दिली नाही. पण यंदा जूनमध्ये माझ्या भावाच्या लेकीला, सोनमला, बोटाला धरून ते स्वतः शाळेत आले. सरांना म्हणाले, "मास्तर, तवा मी तुमच्यावर लई चिडलो हुतो. चुकलं माझं. हिला घ्या."

सर, मी जी काही आहे ती तुमच्यामुळं. मंडळी, तुम्ही मनापासून ऐकलंत, आभारी आहे. वडीलधाऱ्यांपुढं काही अधिक-उणं बोलले असेन, तर लेक समजून पोटात घाला.