आडवा धक्का

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून मला डोळे मिटून बसवलं होतं. शेजारी एक बाप आणि त्याची लेक; थेंब बापाच्याही डोळ्यांत.

“बाबा, डोळे उघडू नका.”

“नाही उघडत. तू बोल काहीतरी. ध्रुवावरच्या त्या प्रकाशात तुम्ही संशोधक नक्की काय शोधता?”

“तिथल्या हवेतला विद्युतभारित ऑक्सिजन वर अवकाशात निघून जातो. तो कसा, ते.”

“तो तर जड. वर कसा जाईल?”

“आपला आपण नाही जात. विद्युतलहरी त्याला आडवे धक्के देतात. तो तापतो, चुंबकीय रेषेभोवती गरगर फिरतो. वर रेषा विरळ होत जातात, तसं ते फिरणंच त्याला वर ढकलतं.”

“धक्का आडवा, आणि जातो वर?”

“हो.”

“मग मघाशी फोनवर ध्रुवावरच्या मोहिमेला ‘नाही’ असं का म्हणालीस? डोळे मिटलेत माझे, कान नाहीत.”

“तुमचं ऑपरेशन आहे, बाबा.”

“माझ्या ऑपरेशनवर बिल फाडू नकोस.”

“एकटे राहाल तुम्ही.”

“गेलेला ऑक्सिजन परत येतो का कधी?”

“थोडा येतो. लांबचा वळसा घालून.”

“मग लाव फोन. आणि नीट दिसायला लागलं की तुझ्या बॅगेचं निखळलेलं चाक बसवून देतो.”