सासूबाईंच्या नावाची सायकल

नाही, चरा मसुराच्या डाळीएवढाच होता, मी कुठे नाही म्हणतोय? पण तुम्हाला सांगतो, तो माझ्या सायकलीवर असता तर मी वळूनही बघितलं नसतं, माझी सायकल म्हणजे बावीस वर्षांचं लोखंड, तिला चरा पडायला जागाच कुठे शिल्लक आहे... हा चरा पडला मेहुण्याच्या सायकलीवर! कार्बनची हो, काळीभोर, एका बोटावर उचलली जाते. आमच्या हिचा भाऊ सर्वेश मुंबईला असतो, मे महिन्यात मालवणला आमच्या पडवीत ठेवून गेला. "भावजी, फक्त पुसत जा. डिसेंबरात मालवण ते वेंगुर्ले शर्यतीला येतो." फक्त पुसत जा! पण मी पडलो मास्तर, सांगितलं त्यापेक्षा चार ओळी जास्त लिहायची सवय. पॅडलपाशी जरा कुईकुई वाजत होतं, म्हटलं, पोरगा येण्याआधी दुरुस्त करून ठेवू. नेली कणकवलीला, जितेंद्रच्या दुकानात.

संध्याकाळी आणायला गेलो तर कुईकुई बंद, आणि वरच्या दांड्यावर रंगाचा टवका उडालेला. जितेंद्रने सायकल दुरुस्तीच्या स्टँडच्या चिमट्यात धरली होती ती थेट दांड्याला! म्हटलं, अरे, हे काय केलंस? तर तो हात पुसत, अगदी शांतपणे, "ओ मास्तर, काय नाय झाला. ता वरवरचाच आसा."

वरवरचाच! घरी आलो, बायकोला, संचिताला दाखवलं, तर ती चष्मा न लावताच, "अहो, वरवरचंच दिसतंय." अगं, तुझा भाऊ या सायकलीला स्वतःच्या टॉवेलने पुसतो! आणि माझ्या डोक्यात वेगळाच किडा... वरून टवका, पण आतून चिरली असेल तर? शर्यतीत उतारावर दांडा मोडला, तर मी हिला तोंड कसं दाखवू? रात्रभर झोप नाही.

सकाळी बंदरावर कॉन्स्टान्सियोकडे. फायबरच्या होड्या दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याने खिशातून रुपया काढला, दांड्यावर टक टक वाजवत गेला, कान लावून. मीही शेजारी कान लावून. शेवटी म्हणाला, "आवाज बरो आसा. आतसून घट आसा. ता वरवरचाच गेला." देवा... तिथेच मिठी मारणार होतो त्याला! टवका भरला, घासला, गुळगुळीत केला. म्हटलं, आता काळा रंग मार. "काळो? होडयेक काळो रंग कोण मारता ओ?" त्याच्याकडे होता पिवळा. आता काळ्या दांड्यावर पिवळा ठिपका, म्हणजे चरा बरा होता की हो! तर तो म्हणाला, "ठिपको कित्याक? नावच लिवया. माझ्याकडली होडी नावाशिवाय पाण्यात जाणा नाय."

आणि इथे, तुम्हाला सांगतो, माझी अक्कल चालली. म्हटलं, असं नाव घालू की सर्वेशची रागवायची टापच होणार नाही. त्याच्या आईचं! माझ्या सासूबाई. 'रुक्मिणी'. वीतभर लांबीत पिवळी अक्षरं, खाली लाटेची रेघ. टवका कुठे गेला, पत्ता नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी सर्वेश आला. बघतच राहिला. डोळ्यांत पाणी हो त्याच्या! फोटो काढला, कणकवलीला आईला पाठवला. मी आतल्या आत नाचतोय. मग त्याने बसायला पाय उचलला... आणि तसाच खाली ठेवला. पुन्हा उचलला, चुकून बूट अक्षरांना लागला, लगेच वाकून नमस्कार. "भावजी, आईच्या नावावरून टांग कशी टाकू?"

आता बोला! हे मला आधी सुचू नये? दांड्यावरून टांग न टाकता सायकलवर बसतात कसे? मागून टाकली तरी नाव दोन पायांच्या मधेच! डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं, पाटावर उभा राहून बघितलं, प्रत्येक खेपेला नमस्कार. दोन तास असे गेले, शेवटी हळूच म्हणाला, "खरवडून टाकूया का? वरवरचंच आहे..."

तेवढ्यात दारात सासूबाई! फोटो बघून मिळेल त्या एस.टी.ने निघालेल्या. "कोण खरवडता माझा नाव? बघतंय मी." दांड्यावरून हात फिरवला, हळदकुंकू लावलं. "झील मुंबैत कमावता, पण नाव जावयान काढल्यान." खरं सांगतो, बारा वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याबद्दल बरं बोलल्या. मला भरून आलं. खरवडायची गोष्ट तिथेच मिटली.

सर्वेश शर्यतीत माझ्या लोखंडावर बसून गेला. शेवटून पहिला आला, पण टाळ्या सगळ्यांत जास्त पडल्या, तेव्हा खूश होऊन ती सायकल मुंबईलाच घेऊन गेला. कार्बनची आमच्या पडवीत. सासूबाईही इथेच, रोज सकाळी दांड्यावर जास्वंद ठेवतात. आणि मी शाळेत चालत जातो, जाऊन येऊन सात किलोमीटर! टाचेला हा एवढा फोड आलाय. काल डॉक्टरला दाखवला. त्याने चष्मा वर केला, बघितलं न बघितलं, आणि म्हणाला, "मास्तर, ता वरवरचाच आसा."