शीलाकाकूंचे विंटर टायर

आधी चहा घ्या, मग सांगतो, आलेलं गिऱ्हाईक मी हाताने कसं परत पाठवलं ते.

बर्मिंगहॅमला माझं टायरचं दुकान. शीलाकाकूंच्या मिस्टरांनी दसऱ्याला माझ्याकडूनच विंटर टायर बसवून घेतले. चाकांना हळदकुंकू लावलं, "बर्फ पडून गेल्याशिवाय हे काढायचे नाहीत हं," असं काकूंना बजावलं, आणि पुढच्याच आठवड्यात हार्ट अटॅकने गेले. त्या हिवाळ्यात बर्फ काही पडला नाही.

जुलैतल्या भर उन्हात काकू चाकात हवा भरायला आल्या.

"अहो काकू, अजून हेच टायर? उन्हात हे रबर मऊ पडतं, ब्रेक दाबला तरी गाडी वेळेवर थांबत नाही. रोज नातीला शाळेत सोडता ना तुम्ही?"

"काय करू भाऊ, हे काढू देत नाहीत."

"काका असते तर त्यांनीच काढायला लावले असते."

"मग तुम्हीच हात लावून बघा."

मऊ पडलेलं रबर दाखवायला मी टायरवर अंगठा दाबला. बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता, आणि टायर मात्र फ्रीजमधून काढल्यासारखा गार आणि कडक. चारही तसेच.

"आज जरा जास्तच गार आहेत," काकू म्हणाल्या. "मग, काढताय?"

"राहू द्या, काकू."

त्या गेल्यावर मी गरम चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलो. चहा निवला, पण बोटं काही गरम झाली नाहीत.