जपानची वाहिनी, इंग्रजी बोलणारी

क्षिप्रा : बाबा, तुम्ही शेवटचं ‘माझं चुकलं’ कधी म्हणाला होतात?

बाबा : हा काय प्रश्न झाला?

क्षिप्रा : साधा प्रश्न आहे. क्लासमधले अश्लेषा आणि जयेश म्हणाले, हिंमत असेल तर घरी जाऊन विचारून दाखव. मी म्हटलं, त्यात कसली हिंमत, आमचे बाबा चावत नाहीत. आता विचारलंय, तर उत्तर द्या.

बाबा : ऑफिसमध्ये रोज म्हणतो की. ‘अपॉलॉजीज फॉर द डिले.’

आई : ते ईमेलमध्ये, हरीश. तोंडाने कधी?

बाबा : रेवती, तू पण? मी फक्त चहा प्यायला बसलोय.

क्षिप्रा : बरं, मग सोपा प्रश्न. आपण टीव्हीवर तो इंटरनॅशनल पॅक घेतला, तो कशासाठी?

बाबा : आईसाठी. वीस तारखेला तिची नोएडाच्या फॅक्टरीत ट्रायल आहे. दोन जपानी इंजिनिअर, अर्धा दिवस दुभाष्याचं काम. चौदा वर्षांनी जपानी बोलणार ती. कानाला सराव पाहिजे, म्हणून मी जपानची वाहिनी असलेला पॅक शोधून काढला. रिक्वायरमेंट क्लिअर, सोल्यूशन क्लिअर.

क्षिप्रा : आणि ती वाहिनी कुठल्या भाषेत बोलते?

बाबा : जपानची आहे म्हटल्यावर...

आई : क्षिप्रा, राहू दे.

क्षिप्रा : इंग्रजीत, बाबा. चोवीस तास इंग्रजीत. जपानी माणूस तोंड उघडतो आणि वरून इंग्रजी बाई बोलायला लागते.

बाबा : रेवती, खरंच?

आई : डोंगर फार छान दाखवतात.

बाबा : अगं, पंधरा दिवस झाले पॅक घेऊन. बोलली नाहीस ते?

आई : तू मेट्रोतून उतरून पेढे घेऊन आलास. मला सोफ्यावर बसवलंस, रिमोट हातात दिलास आणि म्हणालास, घे, आता टोकियो तुझं. त्यावर काय सांगणार होते मी? म्हटलं, बघू, एखादा कार्यक्रम असेल जपानीत.

क्षिप्रा : काल मी क्लासवरून आले ना, तर आईने आवाज बंद केला होता. चित्रात मागे दुकानांच्या पाट्या दिसत होत्या, त्या ती वाचत होती. मोठ्याने, हळूहळू, पहिलीतल्या मुलीसारखी. मी दारातच थांबले. सच्ची सांगते, मला कसंतरीच झालं.

आई : तू बघत होतीस होय?

बाबा : ठीक आहे. प्रॉब्लेम कळला. मी कस्टमर केअरशी बोलतो, वाहिनी बदलून घेऊ.

क्षिप्रा : मी बोलले कालच. अठरा मिनिटं. त्या दादाने सगळी यादी वाचली. फ्रेंच फॅशन आहे, अरबी बातम्या आहेत, स्वयंपाकाच्या दोन वाहिन्या आहेत. जपानीत बोलणारी एकही नाही. आणि आपल्याला दुसऱ्या कंपनीची डिश पण घेता येत नाही, कारण पूर्ण सोसायटीला गच्चीवरच्या एकाच डिशमधून केबल येते. तिच्यात जे येतं तेच आपल्याला. मग आज मी लाजपतराय मार्केटला गेले.

आई : कुठे?

क्षिप्रा : लाल किल्ल्यासमोर, आई. जिथे डिश आणि बॉक्स मिळतात ते. अश्लेषाची ताई होती बरोबर, तुला मेसेज पण केला होता.

आई : मेसेजमध्ये ‘प्रोजेक्टचं सामान’ लिहिलं होतंस.

क्षिप्रा : तर आहेच ना ते प्रोजेक्ट.

बाबा : तू दुकानदाराशी बोललीस? मागच्या वर्षी सामोसेवाल्याकडे जास्त चटणी मागायला तुला आई लागत होती.

क्षिप्रा : चार दुकानदारांशी बोलले. पहिले दोघं अश्लेषाच्या ताईकडे बघूनच उत्तरं देत होते. तिसऱ्याने मला घरोघरी असते तीच छोटी डिश नवीन म्हणून दाखवली. चौथे एक म्हातारे चाचा होते. त्यांनी आधी काही दाखवलंच नाही. उलट मलाच विचारत बसले. बघायचं काय आहे, कुणाला बघायचंय, घर कितव्या मजल्यावर, बाल्कनी कुठे उघडते. मी इंटरनॅशनल पॅकचं सांगितलं तर इतके हसले की त्यांना खोकला आला.

बाबा : माझ्यावर हसले?

क्षिप्रा : नाव नाही सांगितलं मी तुमचं. मग म्हणाले, जपानी लोकांसाठीची जी वाहिनी असते तिला मोठी डिश लागते. जाळीची, सहा फुटी. आणि कंपनीचा नसलेला, साधा उघडा बॉक्स. मालिका-बिलिका सगळ्या कुलूपबंद, त्या दिसणार नाहीत. पण बातम्या उघड्या येतात, पूर्ण जपानीत. तेही आज येतात, उद्या बंद झाल्या तर मला बोलायचं नाही, असं दोनदा म्हणाले. मला ते आवडलं. बाकी तिघं सगळ्याची गॅरंटी देत होते.

आई : बातम्या पुरतील मला. बातम्याच हव्यात खरं तर.

बाबा : पण एक सांग. फोनवर इतकं सगळं असतं. हेडफोन लावायचे, ऐकायचं. सहा फुटी डिश कशाला?

आई : फोनवर मी थांबवते, हरीश. नाही कळलं की मागे नेते, खाली अक्षरं लावते. एक वाक्य चार वेळा ऐकते आणि मला वाटतं, आलं. फॅक्टरीत माणसाला मागे नेता येत नाही. तो बोलून मोकळा होतो आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतात.

बाबा : हे मला माहीत नव्हतं.

आई : तू विचारलं नव्हतंस. चालू टीव्हीचं बरं असतं. मी पोळ्या करत असले तरी तो बोलत राहतो. सुटलं ते सुटलं, पुढचं पकडायचं. पुण्यात आमच्या बाई असंच शिकवायच्या.

बाबा : ओके, मग लावू. बाल्कनी मोठी आहे.

क्षिप्रा : बाल्कनी उत्तरेला उघडते. मी दुकानातच फोनवरचं होकायंत्र काढून आपल्या घराचा नकाशा दाखवला. चाचा म्हणाले, बेटा, उत्तरेला पहाड आहेत, उपग्रह नाहीत. सगळे दक्षिणेला. म्हणून घरी आल्यावर मी गच्चीवर गेले. कंपासमधला कोनमापक आणि दोरा घेऊन. चाचांनी सांगितलेली दिशा धरली, दक्षिणेपासून थोडं पश्चिमेकडे, वर पंचावन्न अंश. सोलरच्या प्लेट्स पुढे आहेत, पण पाण्याच्या टाक्यांच्या डावीकडे एवढी मोकळी जागा आहे, तिथून आकाश पूर्ण दिसतं. झाड नाही, टॉवर नाही. विमानं जातात फक्त.

बाबा : गच्ची सोसायटीची आहे.

क्षिप्रा : म्हणूनच मी तिथून अलकनंदा आंटींकडे गेले.

(बाबा कप खाली ठेवतात.)

बाबा : सेक्रेटरीकडे? तू?

क्षिप्रा : त्यांनी विचारलं, तुम हरीश जी की बेटी हो? मी हो म्हटलं. त्यांनी एक हात दारावरच ठेवला. मला वाटलं, आता दार लावतात.

आई : लावलं असतं तरी मी काही म्हटलं नसतं. चाळीस घरांच्या ग्रुपवर ज्या माणसाने लिहिलं होतं, ‘नियम सगळ्यांना, की सेक्रेटरीबाईंच्या पाहुण्यांना सोडून?’ त्याची मुलगी दारात उभी.

बाबा : ती गाडी गेटसमोर दोन तास उभी होती, रेवती.

क्षिप्रा : ती पाहुण्यांची नव्हतीच ना पण. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांच्या फिजिओथेरपिस्टची होती. सगळ्यांना माहीत आहे. तेव्हापासून तुम्ही मागच्या लिफ्टने जाता.

बाबा : मागची लिफ्ट पार्किंगला जवळ पडते.

आई : आपलं पार्किंग पुढे आहे.

बाबा : बरं. काय म्हणाल्या त्या?

क्षिप्रा : चांगलं बोलल्या नंतर. म्हणाल्या, सोलर बसवल्यापासून गच्चीवर नवीन काही ठेवायचं तर कमिटी एकटी हो म्हणू शकत नाही. रविवारी जनरल मीटिंग आहे. घरातल्या कुणीतरी उभं राहून सगळ्यांना सांगायचं, डिश कुठे ठेवणार, किती वजनाची, छताला भोकं पाडणार की नाही. पाणी गळायची भीती आहे लोकांना. मी म्हटलं, भोकं नाहीत, चाचा सिमेंटच्या ठोकळ्यांवर बसवतात. सगळं ऐकून लोक हात वर करतील. जास्त हात आले तर हो.

बाबा : घरातल्या कुणीतरी म्हणजे मी.

आई : नको. तू तिथे उभा राहणार नाहीस, मला माहीत आहे. आणि मी तिथे हिंदीत उभी राहून सांगू की माझी जपानी गंजलीये, डिश द्या? मी नोएडाला कळवते, जमणार नाही म्हणून.

क्षिप्रा : आई.

आई : अगं, त्यात रडण्यासारखं काही नाही. दुसरं कुणी मिळेल त्यांना.

बाबा : इतक्या पटकन नाही म्हणू नकोस.

आई : पटकन नाही म्हणत. दिल्लीला आलो तेव्हा ही दोन वर्षांची होती. तेव्हा मला कुणी म्हणालं नाही, जपानी बंद कर. तू नाही, तुझी आई नाही, कुणीच नाही. आज जरा नको, उद्या बघू, असं करत नुसतं बंद झालं. आता पण तसंच होईल. सवय आहे मला.

बाबा : मला नाहीये सवय. तू जपानीत फोनवर बोलायचीस तेव्हा तुझा आवाज वेगळा यायचा. थोडा उंच. मी लग्नाआधी तुझ्या क्लासच्या बाहेर थांबायचो, तेव्हा खिडकीतून ओळखायचो, ही रेवती.

क्षिप्रा : बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

बाबा : आणि ती गाडी फिजिओची होती, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. वॉचमनने सांगितलं. मेसेज काढून टाकता आला असता. मग वाटलं, आता काढला तर सगळ्यांना दिसेल की काढला.

आई : आठ महिने झाले, हरीश.

बाबा : हो. रविवारी मी उभा राहिलो की लोकांना डिश दिसणार नाही, ती गाडी दिसेल. तुझं काम माझ्यामुळे अडेल.

क्षिप्रा : झालं दोघांचं बोलून? मग ऐका, माझं ठरलंय. रविवारी मी उभी राहणार. जागेचे फोटो, वजन, ठोकळे, कोन, सगळं मी सांगणार, आणि डिश कुणासाठी हवी तेही. आई, तुझं नाव घेऊन. बाबा, तुम्हाला आंटींशी जे बोलायचंय ते त्याच्या आधी, त्यांच्या घरी जाऊन बोला. ते माझ्या बोलण्यात येणार नाही. आणि नोएडाला कुणी काही कळवायचं नाही. वीस तारखेला आई जाणार आहे. मीटिंगने नाही म्हटलं तरी.