मायरा कोण भरणार

(१९६८ सालचा वैशाख, नरडाणा स्टेशन, दुपार. जवळच्या एका गावचे दुकानदार ज्ञानचंद यांची बायको लाडकुंवर आणि त्याच गावचे शेतकरी उखर्डू सुरतेकडून येणाऱ्या गाडीची वाट पाहत आहेत.)

लाडकुंवर : पण माझा भाऊ नक्की काय म्हणाला, उखर्डूभाऊ? शब्दाला शब्द सांगा.

उखर्डू : सांगं ना, शेठाणी. सकाळथीन तेच सांगी राह्यनू. "सुण लियो" म्हनेत.

लाडकुंवर : सुण लियो. म्हणजे ऐकलं. ऐकलं म्हणजे येतो, असंच ना?

उखर्डू : बोली तुम्हनी. माले काय मालूम?

लाडकुंवर : हसून म्हणाला की नुसतंच?

उखर्डू : गायले चारा टाकी राह्यंतात. मन्हाकडे पाठ व्हती.

लाडकुंवर : हे तुम्ही आधी सांगितलं नाहीत.

उखर्डू : तुम्ही इचारं नही.

लाडकुंवर : सिग्नल पडला का बघा.

उखर्डू : नही पडना. आठे सावलीमा बसा जरा. फलाट तवासारखा तपेल शे, आनि तुम्ही या टोकथीन त्या टोकले फिरी राह्यन्यात.

लाडकुंवर : बसवत नाही हो मला. उद्या सकाळी मायरा, संध्याकाळी कुसुमचे फेरे. आज या गाडीनं तो उतरला नाही तर मग कधी उतरणार?

उखर्डू : एक इचारू? आम्हनामा बी मामा येस, नवरीले कपडा लयस. नही उना ते लगीन काही थांबस नही. तुम्हनामा इतलं काय शे त्या मायरामा?

लाडकुंवर : आमच्यात लग्नाआधी नवरीचा मामा येतो. बहिणीला दारात पाटावर उभी करतो आणि तिच्या डोक्यावर चुनडी घालतो. ती चुनडी नवऱ्यानं आणलेली चालत नाही, सासरची चालत नाही. माहेराहूनच यावी लागते. मग ती डोक्यावर घेऊन आई मांडवात जाते. सगळ्या बायकांचं लक्ष त्या चुनडीकडे असतं. नवरीकडेसुद्धा कोणी एवढं बघत नाही. चुनडी नसली तर काय समजायचं ते सगळे समजतात. हिला माहेर उरलं नाही.

उखर्डू : मंग तुम्ही सोता कसाले नही गयात? तठे तुम्हनी भावजाई माले हाऊच सवाल करे. गूळ लिसन बहीण येस म्हने, परका मानूस नही.

लाडकुंवर : तेच चुकलं. घरात बसून सगळं ठरवत होतो. कुसुमच्या मामाला मूळ कोण जाणार, असं कोणी तरी विचारलं. मी म्हटलं, उखर्डूभाऊ जातील, ते बैल आणायला नागोरपर्यंत जातातच. गुळाची भेली फडक्यात बांधून तुमच्या हातात दिली. चोवीस वर्षं इथं हेच बघते ना मी. पाहुण्याला बोलवायचं, लेकीला आणायचं, म्हणजे मूळ धाडायचं. तिकडं देसात, मारवाडात, भावाला नोतायला, म्हणजे आवतण द्यायला, बहिणीनं आपल्या पायांनी जायचं असतं, हे तुमची गाडी सुटल्यावर आठवलं. आईनं दहा वेळा सांगितलेलं, आणि तुमची गाडी सुटल्यावर.

उखर्डू : मंग तार करती त्यासले.

लाडकुंवर : काय लिहू तारेत? तुमची रीत विसरले, असं? आणि खरं सांगू का, नुसती विसरले असंही नाही. मला जायचं नव्हतं.

उखर्डू : माहेरले?

लाडकुंवर : चुलत बहिणीच्या लग्नाला गेले होते तेव्हाची गोष्ट. बायका गाण्याला बसल्या. मीही बसले पुढं सरसावून, लहानपणी मीच तर पहिला सूर लावायची. पहिली ओळ आली, दुसरी काही केल्या येईना. तोंड उघडं आणि शब्द नाहीत. वहिनी म्हणाली, दखणण आली आहे, तिला तिच्या ओव्या म्हणू द्या. सगळ्या हसल्या. मीपण हसले. मग रात्रभर उशीत तोंड घालून पडून राहिले.

उखर्डू : आठे बी तुम्हले मारवाडीन म्हंतस.

लाडकुंवर : म्हणतात ना. परवाच बाजारात एक बाई म्हणाली, बाहेरून येऊन बसलेत. अहो, मी आले तेव्हा महाराष्ट्र तरी कुठं होता? मुंबई इलाखा होता. म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मी इथली जुनी. पण हे सांगायचं कोणाला?

उखर्डू : हाई ते बराबर शे.

लाडकुंवर : म्हणूनच कुसुमला मी देसात दिली नाही. भावानं तिच्यासाठी तिकडं स्थळ बघून ठेवलं होतं, मोठं घर. मी म्हटलं नको. मी इकडं येऊन जे सोसलं ते तिनं तिकडं जाऊन सोसायचं? धुळ्याचं स्थळ पक्कं केलं. मुलाच्या आजोबांपासून सगळे धुळ्याचे. भावाला वाटलं, मी त्याचा शब्द मोडला.

उखर्डू : मोडाच ना तुम्ही.

लाडकुंवर : मोडला. पण तो येईल. रागीट आहे, तरी येईल. मला शेजारच्या गावी जत्रेला खांद्यावर बसवून नेणारा माणूस आहे तो.

उखर्डू : सिग्नल पडना, शेठाणी.

लाडकुंवर : पडला? चला, चला उठा. तुम्ही इंजिनाकडून बघा, मी मागून बघत येते. पांढरा साफा असेल. आणि हातात ट्रंक. तो पेटी हमालाला देत नाही कधी.

उखर्डू : तुम्ही पळू नका. गाडी आठे थांबस.

लाडकुंवर : तो बघा, तो उतरतोय. तोच ना? पाठमोरा… नाही. हा कोणी तरी म्हातारा आहे. उखर्डूभाऊ, तिकडं कोण उतरलं? त्या गर्दीत बघा ना.

उखर्डू : नंदुरबारनं वऱ्हाड शे ते. बठ्ठा डबा दखी उनू मी.

लाडकुंवर : झोप लागली असेल त्याला. रात्रीपासून प्रवासात असेल. हाक मारा, खिडकीतून हाक मारा.

उखर्डू : हाक बी मारी.

लाडकुंवर : पुन्हा मारा.

उखर्डू : गाडी गई, शेठाणी.

ज्ञानचंद : गेली का गाडी? वाटलंच होतं मला.

लाडकुंवर : तुम्ही? तुम्ही कशाला आलात? घरी कोण आहे?

ज्ञानचंद : घरी सगळे आहेत. सायकल काढली आणि आलो. धुळ्याची मंडळी संध्याकाळी येतील, त्याच्या आत काही तरी ठरवायला हवं. हे बघ, आता रडारड नको. मी एक विचार करून ठेवला आहे. चुनडी आहे आपल्याकडे.

लाडकुंवर : आपल्याकडे कुठली चुनडी?

ज्ञानचंद : धुळ्याहून आणून ठेवली होती. जरीची आहे, चांगली. लागली तर लागली म्हणून.

लाडकुंवर : कधी आणलीत?

ज्ञानचंद : झाला असेल महिना.

लाडकुंवर : महिना. म्हणजे तो येणार नाही हे तुम्हाला महिन्यापूर्वी माहीत होतं, आणि मी रोज त्याच्यासाठी गादीची खोळ धुऊन ठेवत होते.

ज्ञानचंद : माहीत कुठं होतं? दुकानदाराची सवय, दुसरं काय. माल जवळ असावा. आता असं करू. उद्या सकाळी उखर्डूभाऊ डोक्याला साफा बांधतील आणि तुझ्या डोक्यावर चुनडी घालतील. मानलेला भाऊ. व्याह्यांना मी समजावतो. तेही इथलेच, समजून घेतील.

लाडकुंवर : उखर्डूभाऊंना विचारलंत?

ज्ञानचंद : त्यांना काय विचारायचं? ते घरचेच आहेत.

लाडकुंवर : माझा भाऊ जिवंत आहे. जिवंत भावाच्या जागी दुसरा माणूस उभा करायचा, आणि चुनडी तुमच्या कपाटातली. नाटक आहे का हे? उखर्डूभाऊ, मला एक सांगा. आता खरं सांगा, मी विचारते आहे. तिथं तुम्हाला जेवायला घातलं ना?

उखर्डू : घालं ना. बाजरीनी भाकर, कढी. पोट भरीसन.

लाडकुंवर : कुठं बसवलं?

उखर्डू : ओटावर.

लाडकुंवर : बाहेर?

उखर्डू : हाव. पानी वरतीन दिधं, ओंजळमा.

लाडकुंवर : माझ्या मुळाला ओट्यावर बसवलं? मी धाडलेल्या माणसाला?

ज्ञानचंद : जाऊ दे ना आता.

लाडकुंवर : कसं जाऊ देऊ? माझ्यावर राग होता तर मला बोलायचं. एवढ्या लांब उन्हातान्हात गेलेल्या माणसाचा अपमान का करायचा? मी लाजेनं मरते आहे, उखर्डूभाऊ. तुम्हाला किती लागलं असेल.

उखर्डू : माले काही लागनं नही.

लाडकुंवर : मला बरं वाटावं म्हणून म्हणू नका.

उखर्डू : नही हो. तुम्हना घर बी मी ओटावरच बसस ना. पानी बी वरतीनच पेस. माले वाटनं, बहीणना घर जशी रीत, तशीच भाऊना घर.

ज्ञानचंद : उखर्डूभाऊ, तसं नाही ते. आम्ही जैन, आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही, सोवळ्याचं असतं. तुम्हाला परकं मानून नाही कोणी…

उखर्डू : मी कोठे काय म्हनी राह्यनू, शेठ? मी राग करीसन नही सांगत. त्यासनी इचारं म्हनीसन सांगं.

लाडकुंवर : कुसुमला विषमज्वर झाला होता. नाल्याला पूर, एस.टी. बंद. तुम्ही तिला बैलगाडीत घालून शिंदखेड्याला दवाखान्यात नेलंत. परत आलात तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता तुमच्या. मी चहा कुठं दिला?

उखर्डू : ओटावर. मन्ही कपबशी तठे कोनाडामाच राहस.

लाडकुंवर : ती कुठं राहते ते मला माहीत आहे. मीच ठेवते ती.

ज्ञानचंद : चला, निघू या. बाकीचं घरी गेल्यावर बोलू.

लाडकुंवर : तुम्ही सायकलवर पुढं व्हा.

ज्ञानचंद : आणि तू?

लाडकुंवर : मी भावाला नोतायला जाते.

ज्ञानचंद : देसाला? अगं, आता निघून पोचणार कधी, आणि लग्न उद्या…

लाडकुंवर : गावातच. उखर्डूभाऊंच्या घरी.

ज्ञानचंद : त्यासाठी घरी कशाला जायला हवं? ते काय इथंच उभे आहेत. आणि व्याही आल्यावर नवरीची आई कुठं म्हणून विचारतील, त्यांना काय सांगू?

लाडकुंवर : हेच सांगा. बहिणीनं आपल्या पायांनी जायचं असतं. एकदा मूळ धाडून बघितलं, पुरे झालं.

उखर्डू : थांबा, शेठाणी. तुम्ही दोन्ही ठरायी राह्यन्यात. माले बी कोनी इचारी का?

लाडकुंवर : विचारायलाच येते आहे.

उखर्डू : मंग आठेच सांगा. भाऊ म्हनीसन बलावतस, का नड शे म्हनीसन?

ज्ञानचंद : हा काय प्रश्न झाला, उखर्डूभाऊ?

लाडकुंवर : बरोबर विचारलं त्यांनी. नड आहे म्हणून, उखर्डूभाऊ. खोटं नाही बोलत. माझा भाऊ आज या गाडीतून उतरला असता तर तुम्ही उद्यासुद्धा ओट्यावरच बसला असतात, आणि माझ्या ध्यानातही आलं नसतं.

उखर्डू : हाव. बसतू.

लाडकुंवर : तर मग नाही म्हणा. मी रागावणार नाही. तसाच मांडव करू, उघड्या डोक्यानं जाईन मी. आता त्याची भीती वाटत नाही. कशाची वाटते ते मला नीट सांगतासुद्धा येत नाही.

उखर्डू : ताईबाईले इचारनं पडी. बायकोले इचारा बगर मी आसं काम करस नही. आनि शेठनी चुनडी ते ती माले हातमा बी लेऊ देवाव नही. भाऊना घरनं म्हंतस ना तुम्ही? मंग भाऊना घरनंच पाहिजे. तिना मनमा उनं ते ती सोतानं लुगडं काढी दी.

लाडकुंवर : देईल ती?

उखर्डू : मी कसा सांगू? तुम्ही तिले कधी काही इचारं शे का?

लाडकुंवर : नाही. दुकानाच्या पायरीवर येते, सामान घेते, जाते. तिच्या लेकरांची नावंही मला धड माहीत नाहीत.

उखर्डू : लाल नही शे तिनाकडे. हिरवं शे, माहेरनं.

लाडकुंवर : चालेल.

ज्ञानचंद : हिरवं? आपल्यात कोणी हिरवं घातलंय कधी? लोक काय म्हणतील?

लाडकुंवर : तिकडं दखणण म्हणतात, इकडं मारवाडीण म्हणतात. आणखी काही म्हणतील. तुम्ही जा आता, ऊन कलायला लागलं. कुसुमला सांगा, आई येते म्हणून.

उखर्डू : बैल जुपस मी. पन आइका, घर पोचता पोचता दिवस मावळतीले लागी. ताईबाई सैपाक करी राह्यनी व्हई. तुम्हले ओटावर पाट टाकसूत, वारा बी लागी.

लाडकुंवर : ओट्यावर नको. आत बसेन, चुलीपाशी.

उखर्डू : भाजीमा कांदा व्हई, शेठाणी. बठ्ठामा राहस आम्हना घर.

लाडकुंवर : भाकर तर असेल ना? बैल जरा दामटा, उखर्डूभाऊ. दिवस बुडाल्यावर मला जेवता येत नाही.