नेलपॉलिशची रेघ

नाही नाही, कप परत करू नका वस्ताद — साखर चुकून जास्त पडलेली नाही, मुद्दाम घातली आहे. चार वर्षांपूर्वी याच डोंगरावरून आमची गाडी दोराने बांधून खाली नेली ना, त्या संध्याकाळी मी देवापुढे हात जोडून नेम केला होता — ही गाडी याच चढणीवर वस्तादांच्या गाडीला मागे टाकेपर्यंत साखरेचा कण तोंडात घालणार नाही. चार वर्षं बिनसाखरेचा चहा! लेकीच्या वाढदिवसाचा केक मीच कापला, बोटाला लागलेलं क्रीम फडक्याला पुसलं. लोक विचारायचे, मधुमेह का हो? मी म्हणायचे, तसंच काहीतरी, आता रक्तातच भिनलंय. आज सकाळी थर्मास भरतानाच साखर घातली — हो, शर्यतीच्या आधीच! देवावर भरवसा, आणि थोडा इंजिनावर. घ्या, पहिला घोट तुमचा. पाहुण्याच्या आधी आपण पिऊ नये.

आठवतं का तुम्हाला? तुम्हाला कशाला आठवेल — ज्याचं जळतं त्यालाच कळतं. लांबलचक घरगुती गाडी, पाच माणसं बसतील, मागे आठवड्याचं सामान मावेल, पण टर्बोची, इंजिनात जादा हवा कोंबणारी, म्हणून ह्यांचा तिच्यावर जीव. तुम्ही तिला लॅपटॉप जोडलात, माझा चहा निवायच्या आत टर्बोचा दाब वाढवलात आणि म्हणालात, "वहिनी, आता घट्ट धरून बसत जा." दहा दिवसांनी समोरचा इंजिनाचा दिवा लागला. हे धावत तुमच्याकडे. तुम्ही परत लॅपटॉप जोडलात, दिवा गेला. ह्यांना वाटलं, दुखणं गेलं. दुखणं कुठलं जातंय — तुम्ही फक्त तो दिवा लागायचा बंद करून ठेवलात! हवा वाढवलीत, पण जुने इंजेक्टर तेवढं पेट्रोल देत नव्हते, आतल्या आत आग भडकत होती, आणि बिचारीने ओरडायला तोंड उघडलं तर तुम्ही तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावलीत. मग काय, त्या रविवारी क्लबच्या शर्यतीत, इथल्याच तिसऱ्या वळणावर सगळा कारभार आटोपला. धुरात हे उभे, आणि क्लबचा भोंगा तुमच्या हातात — "अहो, भाजी आणायची गाडी ती, भाजीच आणा!" सगळा डोंगर हसला. लोकांचं काही नाही हो, लोक हसतातच. पण हेही हसले. ते हसू मला अजून दिसतं. त्या दिवसापासून ह्यांनी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. बसने जातात, बसने येतात, गाडीवर चादर. कचेरीत "भाजीवाले" म्हणतात त्यांना, आणि हे ओ देतात!

कोणी बनवून दिली, म्हणता? अहो, शेजारच्या इमारतीतले लेथकाका — सगळा जन्म लेथवर गेला, निवृत्त झाले तरी हात थांबत नाहीत. त्यांनी इंजिन उघडलं आणि एक पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला. कड मेणबत्तीसारखी वितळलेली. मग काकांच्या पुतण्याने गाडीच्या संगणकात पाहिलं, तेव्हा कळलं दिव्याचं. त्या दिवशी मी तुम्हाला काय काय म्हटलं — नको, देवाचं नाव घेतलेलं तोंड आहे. पण मग हाताला काम लागलं. काका म्हणाले, "पोरी, आधी ब्रेक. थांबता येत नाही त्याने पळू नये." म्हणून आधी ब्रेक. मग मजबूत पिस्टन, मग मोठे इंजेक्टर, मग टर्बोची तापलेली हवा थंड करणारी ती मोठी जाळी, पुढच्या बंपरच्या आत — तिच्यासाठी बंपर आतून मी कापला, स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून! आणि दाब? दाब सगळ्यात शेवटी, आणि तोही थोडा थोडा. तुमचं आणि आमचं एवढंच वेगळं, वस्ताद. तुम्ही सगळ्यात शेवटचं सगळ्यात आधी केलंत.

आणि प्रत्येक बोल्ट आवळला की त्यावर लाल रेघ. बघा ना, बॉनेट उघडंच आहे. नेलपॉलिश आहे ते, लेकीचं — अर्धी रेघ बोल्टवर, अर्धी खालच्या पत्र्यावर. बोल्ट केसभर जरी सरकला तरी रेघ तुटते, लांबूनही दिसतं. रोज सकाळी देवापुढे हात जोडायचे आणि खाली येऊन रेघा बघायच्या, असा माझा क्रम. सीट एकही काढलेली नाही. मागे काय बांधलंय ते पाहिलंत? भाजीची टोपली! पालक, दुधी, दोन किलो बटाटे. सगळं घेऊन वर आले. आणि तरीसुद्धा यंदाच्या सगळ्यांत कमी वेळात! हे खाली सुरुवातीच्या रेषेपाशी उभे होते. काल रात्री पहिल्यांदा म्हणाले, "वस्तादला हरवलंस, तर घरी जाताना मी चालवीन." किल्ली बघा, मुठीतच धरून बसले आहे.

आणि तुमचं काय झालं? पाचव्या वळणावर — फुस्स! काळा धूर, आणि मग आपली गोगलगाय! माझी फेरी आधीच झालेली, मी इथे कठड्याला टेकून पाहिलं, डोळे भरून पाहिलं, खोटं कशाला बोलू. टर्बोचा पाइप निसटला. निसटणारच, क्लिप ढिली होती, तिचा स्क्रू दोन आटे बाहेर आला होता, काय वस्ताद तुम्ही, दुसऱ्यांच्या गाड्या —

हं?

मला कसं ठाऊक... दिसत होती. रांगेत तुम्ही बॉनेट उघडून उभे होतात ना. रेघा बघून बघून नजरेला सवय लागली आहे, दुसरं काय. तुमच्याकडे रेघ नव्हती, तरी दिसली. असं बघू नका माझ्याकडे.

ह्यांनाही दिसली होती. हळूच म्हणाले, "सांग गं त्याला, पाइप निसटेल." मी आले होते की तुमच्यापर्यंत! तुम्ही म्हणालात, "काय वहिनी, आज कोणती भाजी?" — आणि मी तशीच मागे फिरले. हे म्हणाले, "सांगितलंस ना?" मी मान हलवली. हो म्हणून.

मान हलवली मी. चार वर्षं साखर सोडली, आणि एक वाक्य तोंडातून सोडवेना.

माझा कप? नाही, अजून ओठांना लागलेला नाही. बरं झालं. हा ओतला बघा गवतात. नेम काही फिटला नाही, वस्ताद. हरवलं कुठे तुम्हाला — क्लिपने हरवलं. मी निशाणवाल्यांना सांगते, माझी वेळ खोडा, वस्तादांना पुन्हा संधी द्या. उपकार म्हणून नाही हं! पुढच्या फेरीला सगळे पाइप जागच्या जागी बसलेले असताना, सगळ्या डोंगरादेखत, भाजीच्या टोपलीसकट तुम्हाला मागे टाकीन — आणि तेव्हा कपात दोन चमचे घालीन. तोवर कडू ते कडू.

ही घ्या नेलपॉलिशची बाटली. हा पाना. क्लिप आवळा, वर रेघ ओढा. आणि ती बघा, क्लबची व्हॅन वर येते आहे... थांबली. हे उतरले. हसतायत हो. चार वर्षांनी असे हसतायत, हात पुढे करूनच येतायत, किल्लीसाठी. मी सांगीन त्यांना खरं काय ते. मग किल्ली घ्यायची की बस धरायची, ते त्यांचं त्यांना ठरवू दे.

पण त्याआधी एक मागणं आहे, वस्ताद. तुम्हीही एक नेम धरा. साखरेचा नको, तो तुम्हाला झेपायचा नाही. एवढाच धरा — गाडीचा जो दिवा लागेल तो विझवायचा नाही, ज्याची गाडी त्याला दाखवायचा. देवाला मानत नसाल तर पान्यावर हात ठेवा. मीही ठेवते, माझ्याही खात्यावर आज एक विझवलेला दिवा आहे.

ठेवा हात. हे पोचायच्या आत म्हणा.