कुत्र्याचे कान दिसले की

लेक : पुन्हा एकदा खेळून बघा, बाबा.

बाबा : सात वेळा खेळलो. सातही वेळा गेममधला टपाल्या कुत्र्याच्या तोंडात. बटण दाबलं की उडी उशिरा येते.

लेक : येत नाही. मी स्वतः मोजलंय. पाच वाजता फाइल डिस्क छापायला जाणार. दुकानातले बारा जुने गेम घरच्या टीव्हीवर आणायचे, दोन वर्षांचं काम. अकरांवर तुम्ही 'ठीक' लिहिलंत आणि बाराव्याला अडून बसलात!

बाबा : अकरा ठीक होते म्हणून लिहिलं. किती वाजले?

लेक : चार वीस.

बाबा : मग वेळ आहे.

लेक : कशाला वेळ आहे? साहेब मलाच विचारतील, 'तुमच्याच वडिलांना पारखायला बसवलंत, आणि तेच नाही म्हणतात?' हट्टानं नाव सुचवलं होतं तुमचं. एकतीस वर्षं गेमच्या दुकानात मशीनं दुरुस्त केलेला माणूस म्हणून.

बाबा : मग त्या माणसाचं ऐक. डिस्कवर काय छापणार? 'दुकानातल्या मशीनसारखाच.' हा तसा नाही. लोक हौसेनं घरी टीव्हीसमोर बसतील, पहिल्याच गल्लीत मरतील आणि म्हणतील, आपण म्हातारे झालो.

लेक : झालेही असतील.

बाबा : म्हणजे?

लेक : काही नाही.

बाबा : अर्धं बोलू नकोस. अर्धा पिळलेला स्क्रू मला कधी चालला नाही.

लेक : परवा तुमच्या हातातून कप सुटला. ओला होता म्हणालात. काल सदऱ्याचं वरचं बटण लागेना, तर उघडंच ठेवलंत. आणि आत्ता बोलताना उजवा हात टेबलाखाली धरून बसलाय. उडी उशिरा येत नाहीये, बाबा. तुमचा हात उशिरा येतोय.

(तो उजवा हात टेबलाखालून काढून वर ठेवतो.)

लेक : मला असं बोलायचं नव्हतं.

बाबा : बोललीस ते खरंच आहे. येतो उशिरा.

लेक : तुम्हाला माहीत आहे?

बाबा : अगं, हात माझा आहे. मागच्या हिवाळ्यापासून चाललंय.

लेक : आणि कुणाला बोलला नाहीत? आईलासुद्धा?

बाबा : तिनं माझी सगळी हत्यारं कुलपात टाकली असती. ते राहू दे, आधी ऐक. हे मागचं जुनं मशीन. रोज सकाळी मी यावर खेळतो. पूर्वी फाटकातून कुत्र्याचे पाय दिसले की बटण दाबायचो. आता नुसते कान दिसले की दाबतो. हाताला तेवढं आधी निघायला सांगतो. या मशीनवर टपाल्या सुटतो. तुझ्या या टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर नाही सुटत. माझा उशीर मी आधीच वजा केलाय, बाई. उरतो तो तुझा.

लेक : पण मी मोजलंय हो…

बाबा : कुठून कुठपर्यंत?

लेक : बटण दाबल्यापासून… नाही. थांबा. प्रोग्रॅमला बटण कळल्यापासून. तिथून चित्र हलेपर्यंत.

बाबा : आणि दाबल्यापासून कळेपर्यंत?

लेक : ते धरलंच नाही.

बाबा : गळ्याचं माप सोडून सदरा शिवलास.

लेक : टोमणे नंतर मारा. फोनच्या कॅमेऱ्यानं घेऊ, सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढतो हा. बोट आणि पडदा, दोन्ही दिसायला हवेत. आधी मशीन, मग कन्सोल. दाबा.

(तो दोन्हीकडे एकेक डाव खेळतो, ती फोनवर चित्रण करते. घड्याळात चार छत्तीस.)

लेक : हे मशीन. बोट दाबलं गेलं… बाराव्या चित्राला उडी. आता आपला. दहा. बारा. अजून उभाच आहे. वीस. चोवीस… अठ्ठावीस.

बाबा : सोळा जास्त.

लेक : सेकंदाचा पंधरावा भाग.

बाबा : कुत्र्याला तेवढा पुष्कळ झाला.

लेक : (फोनवर) हॅलो, फाइल पाठवू नका. हो, मीच सांगतेय. बारावा गेम परत घ्यायचाय… नाही, ते चुकले नाहीत. मोजण्यात मी चुकले. साहेबांशी मी बोलते.

बाबा : ओरडेल तो?

लेक : ओरडू दे. उद्या दहा वाजता डॉक्टरांकडे जायचंय. मी येतेय बरोबर.

बाबा : बघू.

लेक : बघू नाही, बाबा. जायचंय.

बाबा : बरं. त्या चित्रणात कुत्र्याचे कानही आलेत ना?

लेक : आलेत.

बाबा : मग कान दिसल्यापासून माझं बोट खाली येईपर्यंत किती चित्रं?

लेक : ते मोजलं नाही मी.

बाबा : मोज.

लेक : कशाला?

बाबा : तू तुझा उशीर काढून आणशील, तोवर माझा वाढलेला असेल. आजचा आकडा लिहून ठेव.